डाव संपल्यावर : संगणकाच्या साह्याने आपल्याच खेळाची तपासणी

बुद्धिबळात हरलेल्या माणसाजवळ कारणांची वानवा कधीच नसते. ‘वेळ पुरला नाही’, ‘झोप झाली नव्हती’, ‘समोरच्याचे नशीब जोरावर होते’ ही त्यांतील नेहमीची. पूर्वी डाव संपला की मोहरी पेटीत जात आणि त्यांच्याबरोबर ही कारणे खरी की खोटी हे ठरविण्याचे साधनही पेटीत बंद होई. स्पर्धेतील खेळाडू आपल्या खेळ्या कागदावर टिपून ठेवीत. पण वसतिगृहाच्या ओट्यावर किंवा कट्ट्यावर खेळणारे आपल्यासारखे लोक ती तसदी घेत नसत.

आज परिस्थिती पालटली आहे. आपल्यापैकी अनेक जण मोबाइलवर ऑनलाइन डाव खेळतात. तेथे प्रत्येक खेळी आपोआप नोंदली जाते; एवढेच नव्हे, तर ती करायला किती सेकंद लागले हेही नोंदले जाते. डाव संपल्यावर एक बटण दाबले की जगज्जेत्यालाही हरवील असा संगणक तो डाव तपासून देतो. लिचेस या २०१० साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर तर ही तपासणी विनामूल्य मिळते. इतका समर्थ परीक्षक आणि तोही दारात उभा असताना आपला खेळ मात्र वर्षानुवर्षे जागच्या जागी का राहतो, हा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर शोधताना जे ध्यानात आले ते येथे मांडत आहे.

१. यंत्राची वाटचाल

संगणकाला बुद्धिबळ शिकविण्याची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. मोहऱ्यांना किंमत द्यावी (वजिराला ९, हत्तीला ५, उंट व घोडा यांना प्रत्येकी ३, प्याद्याला १), पुढच्या शक्य खेळ्यांचा विस्तार तपासावा आणि प्रत्येक स्थितीचे मोल आकड्यात मांडावे, अशी त्यातील मुख्य दिशा होती. याच सुमारास इंग्लंडमध्ये ॲलन ट्यूरिंग यांनी बुद्धिबळ खेळणारी एक आज्ञावली तयार केली. तिला पेलेल असे यंत्र तेव्हा हाताशी नव्हते. म्हणून १९५२ साली त्यांनी स्वतः कागद-पेन्सिल घेऊन यंत्राचे काम केले आणि तिच्या नियमांप्रमाणे एक डाव खेळून पाहिला. तो डाव ‘यंत्र’ हरले.

पुढची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. १९९६ साली फिलाडेल्फिया येथे गॅरी कास्पारोव्हने आयबीएम कंपनीच्या डीप ब्लू या संगणकाला ४-२ असे हरविले. परंतु १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे तोच संगणक ३½-२½ असा जिंकला. डीप ब्लू सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासू शकत असे आणि त्यासाठी खास बनविलेले अवजड यंत्र लागे. आज त्याहून पुष्कळ चांगले खेळणारी आज्ञावली आपल्या खिशातील मोबाइलवर चालते. अशा आज्ञावलीला खेळाडू ‘इंजिन’ म्हणतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध इंजिन म्हणजे स्टॉकफिश. ते २००८ साली सुरू झाले आणि त्याची रचना कोणालाही पाहता, वापरता, सुधारता येते.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये आणखी एक वळण आले. अल्फाझिरो या आज्ञावलीला केवळ खेळाचे नियम सांगितले होते. स्वतःशीच असंख्य डाव खेळून ती शिकली आणि स्टॉकफिशशी झालेल्या शंभर डावांत २८ जिंकून व ७२ बरोबरीत सोडवून अपराजित राहिली. या शिकण्याच्या पद्धतीचा धडा पुढे इतरांनीही गिरविला. २०२० पासून स्टॉकफिशमध्येही स्थितीचे मोल ठरविण्यासाठी अशा ‘शिकलेल्या’ जाळ्याचा उपयोग होतो.

२. आकड्याचा अर्थ

इंजिन नेमके काय करते हे ढोबळमानाने तरी समजले पाहिजे. नाहीतर त्याचा आकडा आपण देववाणी समजून बसतो. डावाच्या आरंभी पांढऱ्याला २० खेळ्या शक्य असतात : प्याद्यांच्या १६ आणि घोड्यांच्या ४. काळ्यालाही तितक्याच. म्हणजे एकेक खेळी झाली की ४०० शक्यता. दोघांच्या दोन-दोन खेळ्या झाल्या की हा आकडा १,९७,२८१ वर जातो. शॅनन यांनी सर्व शक्य डावांची संख्या एकावर १२० शून्ये इतकी मोठी असेल असा अंदाज केला होता. तेव्हा कोणतेही यंत्र ‘सगळे’ पाहू शकत नाही. ते निरुपयोगी फांद्या लवकर छाटते, उरलेल्या फांद्यांवर खोल जाते आणि जेथे थांबते तेथील स्थितीला गुण देते.

हे गुण पांढऱ्याच्या बाजूने अधिक आणि काळ्याच्या बाजूने उणे असे दाखवितात. पूर्वी अधिक एक म्हणजे पांढऱ्याजवळ साधारण एका प्याद्याइतके वर्चस्व, असा अर्थ होता. २०२२ च्या अखेरीपासून स्टॉकफिशने हे माप नव्याने बसविले : अधिक एक म्हणजे इंजिन स्वतःशी खेळल्यास पांढरा जिंकण्याची शक्यता निम्मी. येथे ‘इंजिन स्वतःशी खेळल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तुमच्या-माझ्यासारखे दोन खेळाडू पटावर असतील तर अधिक एक काय आणि उणे एक काय, पुढच्याच खेळीला चित्र उलटे होऊ शकते.

गुणांबरोबर ‘खोली’ दाखविलेली असते. ती म्हणजे किती खेळ्या पुढे पाहिले याचे माप. त्यात पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक अशा दोन मोजतात. खोली वाढली की मत बदलू शकते. म्हणून पहिल्या सेकंदाला दिसलेल्या आकड्यावर विसंबू नये. यंत्रालाही थोडा विचार करू द्यावा. डावाच्या अखेरीस मात्र मतभेदाला जागा नसते. दोन्ही राजे धरून पटावर सात किंवा कमी मोहरी उरली की तयार कोष्टकांतून तंतोतंत निकाल मिळतो. तेथे अंदाज संपतो आणि हिशेब सुरू होतो.

३. सात खेळ्यांचा डाव

एक लहान उदाहरण घेऊ. नवख्या खेळाडूंमध्ये हा डाव ऑनलाइन रोज कोठे ना कोठे होत असेल. वाचकांनी पट मांडून तो खेळून पाहावा.

१. ई४ ई५
२. घोडा एफ३, घोडा सी६
३. उंट सी४, घोडा डी४
४. घोडा ई५ वरील प्यादे घेतो, वजीर जी५
५. घोडा एफ७ वरील प्यादे घेतो, वजीर जी२ वरील प्यादे घेतो
६. हत्ती एफ१, वजीर ई४ वरील प्यादे घेऊन शह
७. उंट ई२, घोडा एफ३ आणि मात.

ई२ वरचा उंट वजिराच्या माऱ्यामुळे हलू शकत नाही, म्हणून घोड्याला मारणारे कोणी नाही. आणि राजाच्या भोवती त्याचीच माणसे दाटीने उभी. मोठी देखणी मात आहे. काळ्याकडून खेळणारा आपल्या पराक्रमावर खूष होतो आणि पांढरा म्हणतो, “सहाव्या खेळीला हत्ती हलविला तेथे चुकलो.”

आता इंजिनला विचारू. ते दोघांनाही खाली आणते. पांढऱ्याला ते सांगते, की सहावी खेळी ही चूक नसून चुकीचे फळ आहे. डाव पाचव्या खेळीला गेला. घोड्याने एफ७ वर जाऊन वजीर व हत्ती दोघांवर एकदम मारा केला, तो हव्यासच महागात पडला. त्याऐवजी उंटाने एफ७ वरील प्यादे घेऊन शह दिला असता, राजा ई७ वर येताच पांढऱ्याने किल्लेकोट केला असता, तर ई५ चा घोडा गेला तरी दोन प्यादी हाती आली असती, काळ्याचा राजा मध्यावर उघडा पडला असता आणि डाव झुंजण्यासारखा राहिला असता. त्याच्याही आधी, चौथ्या खेळीला फुकटचे दिसणारे प्यादे घेण्याऐवजी डी४ वरचा घोडा घोड्याने मारला असता, तर पांढऱ्याचीच स्थिती चांगली होती.

आणि विजेत्याला ते काय सांगते? तिसऱ्या खेळीला पुढे टाकलेला घोडा हीच मुळात कमजोर खेळी आहे. एकच मोहरे दोनदा हलविले. बाकीची माणसे घरातच बसली. समोरच्याने प्यादे घेतले म्हणून सापळा लागला. नसते घेतले तर काळ्याने वेळ गमावून काहीच मिळविले नसते. म्हणजे जिंकलेल्या खेळाडूची एक वाईट सवय विजयामुळे पक्की झाली. हरलेला डाव निदान टोचतो. जिंकलेला डाव मात्र चूक पाठीशी घालतो. म्हणून जिंकलेले डावही तपासावेत, हा या उदाहरणाचा पहिला धडा.

दुसरा धडा असा, की जेथे दुखते तेथेच जखम असते असे नाही. मात सातव्या खेळीला झाली, नुकसान सहाव्याला दिसले, चूक पाचव्या खेळीत होती आणि तिचे बीज चौथ्या खेळीत. इंजिन ही साखळी दाखविते. पण ती मागे मागे वाचण्याचे कष्ट आपणच घ्यावे लागतात.

४. तपासणीची रीत

गणिताच्या पुस्तकात उत्तरे शेवटच्या पानांवर छापलेली असतात. उदाहरण सोडविण्याआधीच ती पाने उघडणाऱ्याला गणित येत नाही, हे आपण शाळेत पाहिले आहे. इंजिनचे तसेच आहे. डाव संपताच बटण दाबले, लाल खुणा पाहिल्या, ‘अरेरे’ म्हटले आणि दुसरा डाव सुरू केला, ही सर्वसाधारण पद्धत. यातून मनाला चुटपुट लागते, शिक्षण होत नाही. मला उपयोगी पडलेली रीत पुढीलप्रमाणे आहे.

पहिली पायरी : यंत्र बंद ठेवून डाव पुन्हा एकदा पाहावा. कोठे शंका आली, कोठे भीती वाटली, कोणती खेळी मनात आली होती पण केली नाही, हे वहीत दोन-चार ओळींत लिहावे. हे त्याच दिवशी करावे. दुसऱ्या दिवशी आठवण आपल्या सोयीची होते.

दुसरी पायरी : आता इंजिनचा आलेख उघडावा. डावाची रेषा जेथे एकदम कोसळते किंवा उसळते अशी दोन-तीनच ठिकाणे निवडावीत. बारीकसारीक चढउतारांच्या मागे लागू नये. साध्या डावातली घोडचूक सुधारण्याआधी सूक्ष्म अचूकतेचा विचार करणे म्हणजे पाया खचलेला असताना भिंतीला रंग देणे होय.

तिसरी पायरी : त्या प्रत्येक ठिकाणी इंजिनची उत्तम खेळी पाहण्यापूर्वी स्वतः दहा मिनिटे विचार करावा. नंतर ती पाहावी. आणि एवढ्यावर न थांबता, आपल्याला जी खेळी बरी वाटत होती ती पटावर करून यंत्राला विचारावे, ‘यात वाईट काय?’ यंत्र तिचे खंडन करते. खरे शिक्षण त्या खंडनात असते. कारण ते आपल्या विचारातील नेमकी भेग दाखविते.

चौथी पायरी : चुकीला नाव द्यावे. समोरच्याचा बेत न पाहणे, एका घरावरील मारा न मोजणे, डावाच्या आरंभाचे अज्ञान, अखेरीचे अज्ञान, घाई, हव्यास, भीती. इंजिन फक्त ‘घोडचूक’ असे लिहिते. ती कोणत्या जातीची हे त्याला माहीत नसते. ते आपण लिहावे.

पाचवी पायरी : वीस-पंचवीस डाव झाले की वही पुन्हा वाचावी.

या शेवटच्या पायरीने माझा एक भ्रम दूर केला, म्हणून येथे स्वतःविषयी दोन शब्द. मी हरतो तो घड्याळामुळे, अशी माझी खात्री होती आणि मी ती मित्रांना ऐकवीतही असे. वहीतील नोंदी व प्रत्येक खेळीला लागलेले सेकंद एकत्र मांडले तेव्हा दिसले, की माझ्या बहुतेक घोडचुका घड्याळात भरपूर वेळ शिल्लक असताना, दोन-तीन सेकंदांत केलेल्या खेळ्यांत झाल्या होत्या. बहुधा त्याच्या आधीची खेळी चांगली झालेली असे. म्हणजे शत्रू घड्याळ नव्हते. ‘आता जमले’ ही भावना होती. हे कोणा प्रशिक्षकाने सांगितले असते तर मी वाद घातला असता. स्वतःच्याच नोंदीशी वाद कसा घालणार?

५. टक्केवारीचा मोह

अलीकडे प्रत्येक डावाला ‘अचूकता’ म्हणून टक्के दिले जातात आणि आपण परीक्षेच्या गुणपत्रिकेप्रमाणे ते मिरवितो. यात दोन फसवे भाग आहेत. एक म्हणजे, सोप्या डावात टक्के आपोआप वाढतात. समोरच्याने आरंभीच वजीर गमावला तर पुढच्या खेळ्या कोणीही बऱ्या करील. उलट दोन्ही बाजूंनी कठीण झुंज झाली तर चांगला खेळूनही टक्के कमी पडतात. दुसरे म्हणजे, जिंकत आलेल्या डावात सर्वांत झटपट मात न शोधता साधा, सुरक्षित मार्ग घेतला तर तो दोष नव्हे. तो शहाणपणा आहे. म्हणूनच चुकांची प्रतवारी करताना केवळ गुण किती घटले हे न पाहता जिंकण्याची शक्यता किती घटली हे पाहण्याची रीत अनेक ठिकाणी स्वीकारली गेली आहे. टक्के हे तापमापकासारखे समजावेत : ताप आहे हे ते सांगतात, रोग कोणता ते सांगत नाहीत.

६. सोचीचा धडा

१५ नोव्हेंबर २०१४. रशियातील सोची येथे जगज्जेतेपदाच्या लढतीचा सहावा डाव. पांढरी मोहरी मॅग्नस कार्लसनकडे, काळी आपल्या विश्वनाथन आनंदकडे. त्या आधीच्या पाच डावांनंतर दोघे बरोबरीत होते. सव्विसाव्या खेळीला चांगल्या स्थितीत असलेल्या कार्लसनने राजा डी२ वर नेला. जगभर घरोघरी इंजिन लावून बसलेल्या प्रेक्षकांच्या पडद्यावर आकडा एकदम उलटला. आनंदने घोड्याने ई५ वरील प्यादे घेतले असते, तर हत्तींची मारामारी होता होता तोच घोडा सी४ वरील प्यादे शह देऊन घेणार होता. दोन प्यादी आणि बहुधा डावही. परंतु आनंदने ए४ असे प्यादे सरकविले. संधी गेली, कार्लसनने तो डाव ३८ खेळ्यांत आणि पुढे लढतही ६½-४½ अशी जिंकली.

त्या क्षणी शाळकरी मुलेही आनंदला हसली असतील. कारण त्यांच्या पडद्यावर उत्तर लिहिलेले होते. परंतु उत्तर दिसणे आणि ते सापडणे यांत केवढे अंतर आहे! पटावर ‘येथे काहीतरी आहे’ अशी घंटा वाजत नाही. कार्लसनसारखा खेळाडू असली चूक करील, ही अपेक्षाच नव्हती. आणि अनपेक्षित भेट माणूस कित्येकदा घेतच नाही, अशा आशयाचे उत्तर आनंदने नंतर दिले. मला वाटते, हे उत्तर कोणत्याही इंजिनच्या आकड्याहून अधिक शिकविते. यंत्राने ‘काय’ ते सांगितले. ‘का’ ते माणसाने सांगितले. आणि त्यातून आपल्याला सवय मिळते ती अशी : समोरचा कितीही मोठा असो, त्याच्या प्रत्येक खेळीनंतर क्षणभर विचारावे, ‘ही चूक तर नव्हे?’

७. टीका आणि निकाल

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. आपल्या परंपरेत ‘टीका’ या शब्दाचा मूळ अर्थ दोष काढणे असा नसून अर्थ उलगडून सांगणे असा आहे. इंजिन निकाल देते, टीका लिहीत नाही. ‘घोडा ई५, उणे इतके’ असे ते म्हणते. त्या घोड्याला तेथे जाण्याचे बळ कोठून आले हे सांगत नाही. कधी कधी तर ते अशी खेळी सुचविते, की तिच्यामागील पंधरा खेळ्यांचा विस्तार माणसाच्या डोक्यात मावणेच शक्य नसते. अशी खेळी नमस्कार करून सोडून द्यावी. आपल्याला समजेल आणि पुन्हा वापरता येईल अशी दुसरी-तिसरी पसंती अधिक मोलाची. मिखाईल बोट्विनिक या जगज्जेत्याने संगणकाच्या या सोयी येण्याच्या कितीतरी आधी खेळाडूंना आपल्या डावांचे विश्लेषण स्वतः करून प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला होता. हेतू हा, की ते इतरांच्या टीकेला सामोरे जावे. आज ती टीका करणारा रात्री-अपरात्रीही जागा असतो, पण विश्लेषण आधी आपण करावे ही अट जुनीच आहे.

एका गोष्टीचा उल्लेख केल्याविना हा लेख पुरा होणार नाही. डाव चालू असताना इंजिनची मदत घेणे ही सरळ लबाडी आहे आणि तशी ती सर्व संकेतस्थळांच्या नियमांत मानली जाते. उघडकीस आल्यास खाते बंद होते. पण शिक्षेपेक्षा नुकसान मोठे आहे. डाव संपल्यावर उघडलेले इंजिन आपल्याला आरसा दाखविते. डाव चालू असताना उघडलेले इंजिन आपला चेहराच पुसून टाकते. मग तपासायला आपले असे उरते तरी काय? समोरचा खेळाडूही दूर कोठेतरी आपल्यासारखाच झोप मोडून बसलेला असतो. त्याला माणसाशी खेळल्याचे समाधान मिळणे हा त्याचा हक्क आहे.

तेव्हा वाचकांना एकच सुचवावेसे वाटते. आज रात्री पाच डाव खेळायचे असतील तर दोनच खेळा आणि उरलेल्या वेळात त्यांतील एक नीट तपासा : आधी वही, मग यंत्र. आपण का हरलो हे स्वतःला खरे सांगण्याची सवय पटावर लागली, तर ती पटाबाहेरही उपयोगी पडेल. परीक्षेचे निकाल लागतील तेव्हा तिचा पहिला उपयोग करून पाहता येईल.